मडमबाईंचा चिमटा

आमच्या घाटंजीच्या जिनिंगचा भोंगा त्या हंगामात वाजलाच नाही. एरवी दिवाळी उलटली की कापसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेने रांगेत उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी माझा नवरा केसांत, भुवयांत रुईचे तंतू घेऊन घरी यायचा. तो तिथे फिटर होता. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांचे पट्टे, रोलर, दातेरी चाकं यांच्यात त्याची वीसेक वर्षं गेली होती. कापसाच्या संकटाच्या त्या वर्षांत आधी हंगाम आखूड होत गेला, मग एका वर्षी मालकाने फाटकाला कुलूपच लावलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे आमच्यावर उपाशी राहायची पाळी आली असं मी म्हणणार नाही. माझ्या वर्गात मधूनच एखादा मुलगा डोकं भादरून यायचा. मी काही विचारत नसे, त्याला जवळच्या बाकावर बसवत असे. त्या घरांपुढे आमचं काय होतं? पण नवरा दिवसभर अंगणातल्या बाजेवर पडून असायचा. आमचा मोरीतला नळ गळत होता. तालुक्यातला नावाजलेला फिटर त्या थेंबांकडे बघत बसायचा आणि उठायचा नाही. मी एकदा म्हटलं, "अवो, तेवढा वायसर तरी बदला." तो म्हणाला, "बदलतो," आणि कूस बदलली.

आमच्याकडे तेव्हा त्याची आत्या राहायची. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. आयुष्यभर एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिथून निवृत्त होऊन आमच्याकडे आली. लग्न केलेलं नव्हतं. आखूड कापलेले पांढरे केस, कडक इस्त्रीचं सुती पातळ, आणि आवाज असा की आडवा झालेला पेशंट उठून बसावा. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. भाच्याचं ते बाजेवरचं लोळणं त्यांनी दोन महिने पाहिलं. मग नाताळच्या आसपासच्या एका दुपारी त्या आपली पत्र्याची पेटी ओढत अंगणात आल्या आणि तिच्यातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लांबलचक लोखंडी वस्तू काढून त्यांनी बाजेवर, त्याच्या पायाशी टाकली.

"ऊठ. हे पाय जरा. उघडत नाई."

"काय हाय हे?"

"चिमटा."

"येवढा लांब? कायले पायजे येवढा लांब चिमटा?"

"चुलीत हात भाजू नये म्हून. तू उघड तं आधी, मंग सांगतो."

आत्याबाई स्वतःबद्दल बोलतानाही 'सांगतो, जातो' असंच बोलायच्या, आमच्याकडच्या कितीतरी बायका बोलतात तशा.

सांडशीसारखीच रचना होती, पण दांडे हातभर लांब आणि टोकांना दोन गोल जाड तबकड्या, बशीएवढ्या, एकमेकींवर घट्ट बसलेल्या. मधला खिळा गंजून गेला होता. नवऱ्याने ती वस्तू आधी झोपल्या झोपल्याच हातात घेतली, मग बसून घेतली, मग उठून घासलेट आणायला आत गेला. संध्याकाळपर्यंत तो तिच्याशी झटत होता. ठोकायचं नाही, हे त्याला कळत होतं. थोडं घासलेट सोडायचं, थांबायचं, हलवायचं, पुन्हा सोडायचं. शेवटी कुरकुरत तबकड्या वेगळ्या झाल्या, आणि आम्ही तिघंही वाकून बघू लागलो.

आतल्या बाजूंना कोरीव काम होतं. एका तबकडीवर पाकळ्यांचं मोठं फूल आणि त्याभोवती बारीक जाळी. दुसरीवर चौकटीचौकटींचं जाळं, आणि मधोमध दोन इंग्रजी अक्षरं, उलटी. आरशात बघावी तशी.

"कोरनारा चुकला काय?" नवरा म्हणाला.

"चुकला नाई. लोखंडावर उलटं हाय, खायच्या चीजेवर सुलटं उमटते."

मग आत्याबाईंनी सांगितलं. त्यांच्या दवाखान्यात एक मोठी गोरी नर्स होती. सगळे तिला मडमबाई म्हणत. ती नॉर्वेची. आत्याबाई नर्सिंग शिकायला गेल्या तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या, आणि आमचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. मडमबाईंनी त्यांना कधीही चर्चमध्ये ये म्हटलं नाही. पण नाताळच्या आधी एक दिवस बंगल्याच्या मागच्या अंगणात चूल मांडून त्या हा चिमटा काढत, आणि मदतीला आत्याबाईच लागत. अंडी, साखर, लोणी, मैदा आणि वेलदोड्याची पूड, एवढ्याचं सरबरीत पीठ. तापलेल्या चिमट्यात चमचाभर घालायचं, दाबायचं, एका बाजूने भाजलं की चिमटा उलटायचा. कागदासारखी पातळ, नक्षीदार पापडी निघायची. ती गरम असतानाच एका लाकडी शंकूवर गुंडाळायची, कारण दोन श्वास उशीर झाला की ती काचेसारखी तुटायची. दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटला एकेक मिळायची. बाळंतिणींना दोन.

"मंग तुह्याकडं कसा आला?" नवऱ्याने विचारलं.

"देशाले परत गेली तवा देऊन गेली. म्हणे, हा आमच्याकडं पोरीले लग्नात देतात. माह्या मायनं मले दिलता. माहं लग्न काही झालं नाई. आता तू घे."

"मग तुम्ही कधी काढला नाही तो?" मी विचारलं.

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तुह्या लग्नात तुले देनार होतो मी. मंग वाटलं, दोन बिनलग्नाच्या बायांच्या हातचा. तुले काही वाटलं तं? म्हून पितळेचा डबा देल्ला."

तो पितळेचा डबा माझ्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं पोह्यांनी भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंगणात तीन विटा मांडल्या. सरपण म्हणजे पऱ्हाट्याच, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं. आमच्याकडे चुलीला दुसरं काय असणार? पऱ्हाटी भडकन पेटते आणि भुर्रकन विझते. त्यामुळे पहिल्या काही पापड्या एका बाजूने काळ्या आणि दुसऱ्या बाजूने कच्च्या झाल्या. पुढच्या पापड्या चिमट्यालाच चिकटून बसल्या आणि सुरीने खरवडून काढाव्या लागल्या. आत्याबाई स्वतःवरच चिडत होत्या. "हात विसरला," म्हणत होत्या. मग नवऱ्याने निखारे एका बाजूला ओढून पसरले, चिमट्याला तेल पाजलं आणि म्हणाला, "आता टाक." त्या वेळी पापडी सुटून आली. सोनेरी, फूल स्पष्ट, आणि मागे ती दोन अक्षरं, सुलटी.

गुंडाळायला लाकडी शंकू नव्हता. नवरा आत गेला आणि सूतगिरणीतून ज्यावर सूत गुंडाळून येतं तो जाड पुठ्ठ्याचा कोन घेऊन आला. आता शिकायला बाहेरगावी असलेल्या आमच्या मुलीने लहानपणी खेळायला आणून ठेवलेला. त्यावर स्वच्छ कागद लावून आत्याबाईंनी दुसरी पापडी फिरवली. थंड झाल्यावर काढली आणि त्याच्या हातात दिली. तो ती फिरवून फिरवून बघत राहिला.

"आत्या, हा तं आइसक्रीमचा कोन झाला."

"झालाच असन."

"नाई, म्हणजे खरंच. गाडीवाले नागपूरहून डब्यातले आणतात. रस्त्यात अर्धे फुटतात. अन् लागतात कागदासारखे."

त्या संध्याकाळी मोरीतला नळ गळायचा थांबला होता.

या वस्तूचा इतिहास मला तेव्हा माहीत नव्हता. पुढे मी मिळेल तिथून वाचत गेले, आधी यवतमाळच्या वाचनालयात जाऊन, नंतर शाळेत संगणक आला तेव्हा त्यावर. दोन तापलेल्या लोखंडी पत्र्यांमध्ये पीठ दाबून भाजायची युक्ती फार जुनी आहे, म्हणे ग्रीक लोकांपासूनची. मग युरोपातल्या मठांत प्रसादाच्या बिनखमिराच्या चकत्या अशा चिमट्यांत भाजू लागले, त्यावर क्रूस उमटायचा. मठातून ती वस्तू बाहेर आली, सणावारी देवळांच्या दारात गरम पापड्या विकणारे उभे राहू लागले, आणि श्रीमंतांनी चिमट्यांवर आपापल्या घराण्याची चिन्हं कोरून घेतली. पुढे कुणीतरी चौकटी खोल केल्या, पीठ फुगू दिलं, आणि पापडीचा जाड वॉफल झाला. डच लोक तो समुद्रापलीकडे अमेरिकेत घेऊन गेले. तिथे लांब दांडे गेले आणि शेगडीवर बसणारी, जागच्या जागी उलटणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, यंत्रं आली. मग विजेची. आइसक्रीमचा कोनही अशाच एका जत्रेत, पापडी गुंडाळून सुरू झाला असं सांगतात. पण तो मान आपलाच म्हणणारे इतके आहेत की मी त्यात पडत नाही.

या सगळ्यात मला एका शब्दाने धरून ठेवलं. वॉफल हा शब्द ज्या मुळातून आला, त्यातूनच विणण्यासाठीचा त्यांचा शब्द आला आहे. मधाचं पोळंही त्याच कुळातलं. चौकटीचं जाळं म्हणजे विणलेलं कापड, असं कुणाच्या तरी मनात आलं असणार. हे वाचलं त्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग आमचंच काम झालं ते," आणि पुन्हा कानशीने घासायला लागला.

कारण तोपर्यंत तो चिमटे बनवायला लागला होता. गाडीवाल्यांना कोन करून विकायचे म्हटल्यावर एका चिमट्यावर किती होणार? त्याला चार हवे होते, आणि ते निखाऱ्यांवर नाही तर गॅसच्या शेगडीवर बसणारे. पत्र्यावर नक्षी कोरायचा त्याने प्रयत्न केला, पण त्याच्या हाताला यंत्राची सवय, फुलाची नाही. यवतमाळला एक ओतारी होता, वाळूच्या साच्यात बीड ओतणारा. तो म्हणाला, मूळ वस्तू आणा, वाळूत दाबली की जशीच्या तशी उठेल. म्हणजे चिमटा खिळ्यातून सोडवून, तबकड्या दांड्यांपासून वेगळ्या करून न्यायच्या.

नवऱ्याने आत्याबाईंना विचारायला चार दिवस लावले. शेवटी जेवताना म्हणाला, "तोडा लागते, आत्या. परत जोडून देईन. पन तोडा लागते."

आत्याबाई ताटातला घास कालवत राहिल्या. म्हणाल्या, "ने."

"नक्की ना?"

"पेशंटले कापतो तवा बी तो बेहोश असते. त्याले विचारून ठेवलेलं असते. हे लोखंड हाय. त्याच्याकडून मीच हो म्हनतो. ने."

बिडासाठी बंद जिनिंगच्या आवारात पडलेली तुटकी दातेरी चाकं मालकाने त्याला नेऊ दिली. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तो यवतमाळला गेला आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने आला. ओतलेलं थंड व्हायला वेळ लागतो. त्या वेळी आत्याबाई दारात दोनदा येऊन गेल्या. आठवड्याने नवे जोड आले, खडबडीत, काळे. आणि मूळ तबकड्याही धडधाकट आल्या. त्याने आधी त्या दांड्यांना जोडल्या, चिमटा आत्याबाईंच्या हातात दिला, मगच नव्या कामाला हात लावला.

नव्या साच्यांवर फुलाच्या बरोबर ती दोन अक्षरंही आली होती. तो म्हणाला, "हे घासून टाकतो. लोकं इचारतील, हे कोनाचं नाव म्हून."

"कायले घासतो?" आत्याबाई म्हणाल्या. "आपन भांड्यावर नाव टाकतो का नाई? कोनाच्या लग्नात कोनं देल्लं ते? मंग ते भांडं मोडीत जाईपर्यंत नाव राहते. राहू दे. कोना बाईचं हाय."

मी घरातली भांडी आठवून पाहिली. माझ्या लग्नातल्या एका पातेल्यावर अशा मावसआजीचं नाव होतं, जिचा चेहरा मला आठवत नव्हता. त्यामुळे अक्षरं राहिली.

उन्हाळा लागला तेव्हा आमच्या पडवीत चार शेगड्या होत्या. आणखी दोन हात हवे होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आत्याबाईंनी बोलावून आणली. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता. कसा गेला ते गावाला माहीत होतं, आणि म्हणूनच कुणी तिच्याशी सरळ बोलत नव्हतं. कापूस वेचायला जाणारी बाई. वेचणीच्या बायांची बोटं बोंडाच्या काट्यांनी सोलवटलेली असतात, पण चपळ असतात. गरम पापडी कोनावर फिरवायची ती इतक्या झटकन शिकली की आत्याबाई शेगडीवर गेल्या आणि गुंडाळायचं सगळं तिच्याकडे आलं. कामात बोलायची नाही. आत्याबाई मात्र तिच्याशी अखंड बोलत, बाळंतपणांच्या गोष्टी सांगत. एका बाईने मडमबाईंचं नाव मुलीला ठेवायचं ठरवलं आणि ते नाव तिला उच्चारताच येईना, मग शेवटी मुलीचं नाव 'मडम'च पडलं, ही गोष्ट सांगितली तेव्हा ती एकदम हसली. हसली, आणि तोंडावर पदर घेऊन कितीतरी वेळ तशीच बसली. तिच्यासमोरच्या पापड्या कडक होऊन गेल्या.

मला तेव्हा एक गोष्ट खुपत होती. ती मी नवऱ्याला बोलून दाखवली. "आजूबाजूला हे असं चाललंय आणि आपण आइसक्रीमचे कोन करतोय. बरं दिसतं का?"

उत्तर त्या बाईने दिलं. ती काम आवरून निघाली होती, दारातच थांबली.

"बाई, माही पोरगी बापाच्या तेराव्यानंतर बाजारात गेलती माह्यासंग. आइसक्रीमच्या गाडीपाशी उभी राह्यली. मले लय राग आला. मारनार होतो मी तिले. मंग वाटलं, इले तं आठच वर्षं झाले जगात येऊन. घेऊन देल्लं. तिनं खाल्लं. बस." एवढं बोलून ती गेली. त्यानंतर मी तो प्रश्न कुणाला विचारला नाही. माझ्या मनात तो संपला असंही नाही.

घाटंजीच्या आठवडी बाजारातले आणि पांढरकवड्याच्या बस स्टँडवरचे गाडीवाले आमचे कोन घेऊ लागले. आर्णीचा एक जण तर मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना डबे बांधून स्वतः यायचा. वेलदोड्याचा वास असायचा, त्यामुळे लोक ओळखायचे. एकदा बाजारात मी एका म्हाताऱ्याला पाहिलं. त्याने आइसक्रीम नको म्हटलं आणि नुसता कोन मागितला. तो मोडून मोडून, चहात बुडवून खात होता. मी घरी येऊन सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, "शहाना मानूस."

असे दोन-तीन उन्हाळे गेले. मग एका हिवाळ्यात दवाखान्यातून आत्याबाईंना निरोप आला की मडमबाईंच्या भावाची नात भारतात आली आहे, मडमबाईंनी काम केलं ते ठिकाण बघायला. जुन्यांपैकी कोण आहे विचारत होती, तर तुमचं नाव सांगितलं. दोन दिवसांनी ती आलीच. उंच, उन्हाने नाक लाल झालेलं, तिशीची असेल. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून बोलणं चाललं.

आत्याबाईंनी तिच्यासाठी मुद्दाम जुना चिमटा काढला. बिडाचे नकोत, म्हणाल्या. विटा मांडल्या, पऱ्हाट्या पेटवल्या. ती मुलगी आधी गप्पा मारत होती, पण चिमटा उघडला तशी एकदम थांबली. तिने अक्षरांवर बोट ठेवलं.

तिच्या घरात या चिमट्याची गोष्ट होती. ती अक्षरं तिच्या पणजीच्या आईची. गावच्या लोहाराने तिच्या लग्नासाठी घडवलेला. तो आईकडून मुलीकडे येत गेला. मडमबाई थोरल्या, म्हणून त्यांना मिळाला, आणि त्या तो पेटीत घालून हिंदुस्थानात निघून आल्या. धाकटी बहीण त्यावरून आयुष्यभर रुसली. नाताळात दुकानातून आणलेल्या साच्यावर पापड्या करताना दर वर्षी म्हणायची, "आपला खरा हिंदुस्थानात आहे."

मी हे आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "ते बहीन हाय काय अजून?"

होती. फार म्हातारी, पण होती.

मी आणखी एक विचारलं, वेलदोड्याबद्दल. मला वाटायचं मडमबाईंनी तो इथे आल्यावर पिठात घालायला सुरुवात केली असेल. ती मुलगी हसली. नाही, म्हणाली, आमच्याकडे पहिल्यापासून घालतात. मसाले जहाजांतून येत, आणि आमच्या लोकांना तोच वास आवडला. मला गंमत वाटली. म्हणजे मडमबाई इथे आल्या त्याच्या किती आधी आपल्याकडचा वेलदोडा तिकडे जाऊन बसला होता.

ती निघायच्या वेळी आत्याबाईंनी चिमटा राखेने घासला, पुसला, तेलाचा हात फिरवला. मग तो तिच्यापुढे धरला.

ती मागे सरली. नाही, नाही, म्हणाली, तो तुम्हाला दिलेला आहे. तिचे डोळे मात्र चिमट्यावरून हलत नव्हते.

"तिले सांग," आत्याबाई मला म्हणाल्या, "मडमबाईनं मले सांगतलं होतं, ठेवू नोको, वापर. मी ठेवला. मंग वापरला. माह्याकडचं त्याचं काम झालं. म्हातारीले नेऊन दे."

मी ते इंग्रजीत सांगत होते आणि आतून मला ते सांगायचं नव्हतं. माझ्या मनात आलं, हा माझा होणार होता. लग्नात नाही मिळाला, पण कधीतरी मिळाला असता. मी नवऱ्याकडे बघितलं, तो तरी काही बोलेल म्हणून. तो आत गेला आणि जाड जुनी चादर घेऊन आला. त्याने दोन्ही तबकड्यांच्या मध्ये स्वच्छ फडकं घातलं, चिमटा चादरीत गुंडाळला, सुतळीने बांधला आणि त्या मुलीला हातवारे करून समजावलं की असा धरा, इथून नको, खिळ्यावर जोर येतो.

ती गेल्यावर मी दोन दिवस आत्याबाईंशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी त्याच माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुले पायजे होता."

"हो."

"मले मालूम होतं."

"मग काहून दिला?"

"तुह्याकडं नवरा हाय, पोरगी हाय, चार चिमटे हायेत. ते म्हातारी रुसून मरन ना बाप्पा." मग त्या म्हणाल्या, "मले बी पायजे होता. तुलेच पायजे होता असं नोको समजू."

ते ऐकून माझा राग गेला. त्यांच्याजवळ सरकून बसले, एवढंच.

पुढच्या नाताळाला शाळेच्या संगणकावर एक फोटो आला. मी त्याची छापील प्रत घरी आणली. बर्फाने पांढरी झालेली खिडकी, पुढे लोकरीची शाल पांघरलेली अगदी बारकी म्हातारी, तिच्या हातात चिमटा, आणि टेबलावर पापड्यांची चळत. आत्याबाईंनी चष्मा लावला. म्हातारीकडे खूप वेळ बघितलं. मग बोट पापड्यांवर नेलं.

"जायल्या," म्हणाल्या. "आच जास्त झाली."

त्यानंतर तीन वर्षांनी त्या गेल्या, दुपारी झोपेत, कुणाला न उठवता. त्यांना शोभणारं नव्हतं ते. आम्ही सगळे धरून चाललो होतो की त्या जाताना सूचना देतील.

कारखान्यातले कोन पुढे स्वस्तात, न फुटता मिळू लागले आणि गाडीवाले एकेक करून तिकडे वळले. जिनिंगही मधल्या काळात दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि सुरू झालं. नवऱ्याला बोलावणं आलं. तो एक हंगाम जाऊन आला आणि म्हणाला, आता तो आवाज सहन होत नाही. त्याने घराच्या बाजूला पत्र्याची शेड टाकली आणि साचे, सोरे, चक्कीचे पाटे, काय येईल ते दुरुस्त करू लागला. शेगड्या आणि बिडाचे साचे आम्ही कोन गुंडाळणाऱ्या त्या बाईला दिले. तिने त्यात आपली अक्कल लावली. आता ती कोन करत नाही, सपाट पापड्याच करते, आत तिळाचं सारण घालून दुमडते आणि आर्णीच्या बाजारात विकते. तिची मुलगी मोठी झाली, यवतमाळला नर्सिंग शिकते. परवा सुट्टीत भेटली तर मी तिला विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, "बाई, रात्रपाळी लय लागते, पन जमून राह्यलं." आणि आईने दिलेला पापड्यांचा डबा माझ्या हातात ठेवून घाईघाईने बस पकडायला गेली.